तीन रात्री आणि एक बेट

जुन्नर आणि आंबेगांव हे पुणें जिल्ह्यांतील दोन तालुके सह्याद्रीच्या ऐन कडेला वसलेले आहेत. तेथील कुकडी व घोड या नद्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस वाहतात. पश्चिमेचा सागर इतका जवळ असतां त्यांचें पाणी भीमा-कृष्णेच्या मार्गानें बंगालच्या उपसागरास मिळतें. माणसांनीं मात्र समुद्राकडे अशी पाठ फिरविली नाहीं. नाणेघाटांतील सातवाहनांचे लेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण हे जुन्नरच्या बाजारपेठेचा कोंकणाशीं असलेला प्राचीन संबंध आजही सांगतात. ज्याच्या हातीं जुन्नर, त्याची दृष्टि आज ना उद्यां खालच्या बंदरांवर जावयाचीच.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस ती मलिक अहमदाची गेली. बहामनी वजीर मलिक हसन याचा हा पुत्र जुन्नरास राहून शिवनेरीचा धनी झाला आणि तेथून कोंकणांत उतरला. तो दंडा-राजपुरीस वेढा घालून बसला असतांनाच १४८६ मध्यें बाप मारला गेल्याची वार्ता त्यास कळली व तो वेढा उठवून परतला, असें फिरिश्ता लिहितो. पुढें अहमद स्वतंत्र होऊन निजामशाहीचा संस्थापक झाला आणि राजपुरीही त्याच्या ताब्यांत आली.

किनाऱ्यासमोरील बेट कसें पडलें, याची हकीकत मात्र परंपरा निराळी सांगते. त्या खडकावर रामा पाटील नांवाच्या कोळी नायकाचा लाकडी मेढेकोट होता. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषानें गलबत घेऊन आला. पाटलाचा विश्वास संपादून त्यानें आपला माल बेटावर उतरविला व कोळ्यांस मद्य पाजलें. रात्रीं पेट्यांतून माल निघाला नाहीं, हत्यारबंद माणसें निघालीं! ग्रीकांच्या लाकडी घोड्याची आठवण करून देणारी ही कथा अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. परंतु तींतील मर्म खोटें नाहीं. बेट घेणारे लोक थोडकेच असले तरी चालतें. आंत शिरलेले आणि बाहेर थांबलेले यांचा मेळ मात्र बसावा लागतो.

पुढें त्याच खडकावर सिद्दींचा दगडी जंजिरा उभा राहिला. तटाच्या पायथ्याशीं समुद्र, दरवाजा जवळ गेल्यावांचून दिसूं नये असा, आणि आंत गोड्या पाण्याचे तलाव. डोंगरी किल्ल्याची रसद वाट रोखून तोडतां येते. येथें वाट म्हणजे सारा दर्याच. तटास शिडी लावावयाची तर तीही लाटांवर डोलणाऱ्या होडींतून. १६३० मध्यें शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींनीं गड किती घेतले आणि किती बांधले, याची गणना करतांना आपण थकतों. परंतु हें एक बेट त्यांना अखेरपर्यंत मिळालें नाहीं. तें कां मिळालें नाहीं, याचें उत्तर केवळ तटाच्या उंचींत शोधणें बरोबर नव्हे.

दुसरी रात्र १६७१ मधील होळीची. त्या वेळीं किनाऱ्यावरील दंडा-राजपुरी मराठ्यांकडे होती. सणाची धांदल पाहून सिद्दी खैर्यत जमिनीच्या बाजूनें चालून गेला. किल्ल्यांतील लोक त्याच्याकडे धांवले, तोंच सिद्दी कासीम होड्यांतून येऊन समुद्राच्या बाजूनें शिड्या लावून वर चढला. दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि ठाणें गेलें. दोन टोळ्या, दोन वाटा, पण वेळ एकच: सिद्दींचें यश या एका गोष्टींत होतें. शत्रूचें म्हणून तें लहान लेखण्याचें कारण नाहीं.

मराठ्यांनीं जंजिऱ्याजवळच्या कासा नांवाच्या खडकावर पद्मदुर्ग उभारला. त्या ठाण्यास पैका व धान्य वेळेवर पोंचलें नाहीं, तेव्हां १८ जानेवारी १६७५ रोजीं महाराजांनीं प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास अत्यंत कडक पत्र लिहिलें. दर्यावरील लढाईचा निकाल पुष्कळदां जमिनीवरच्या कचेरींत लागतो, हें त्यांनीं पुरतें ओळखलें होतें.

तिसरी रात्र त्यानंतरची. १६७६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन जंजिऱ्यावर आले. पद्मदुर्गाकडील कोळी लाय पाटील यानें अंधारांत तटास शिड्या लावून देण्याचें पत्करलें. मागोमाग फौजेनें येऊन सुलतानढवा करावयाचा, असा बेत ठरला. परंपरा सांगते कीं, पाटील व त्याचे सोबती होड्यांतून गेले आणि शत्रूच्या पहाऱ्याखालीं त्यांनीं शिड्या लावल्याही. मग ते वाट पाहत राहिले. मोरोपंतांचे लोक आले नाहींत. पूर्वेस उजाडूं लागलें, तेव्हां शिड्या काढून घेऊन ते निमूटपणें परतले.

या हकीकतीचा शेवट मला सर्वांत मोलाचा वाटतो. महाराजांनीं लाय पाटलास पालखीचा मान देऊं केला. दर्यावर्दी माणसास पालखी काय कामाची, म्हणून त्यानें ती नाकारली. तेव्हां ‘पालखी’ याच नांवाचें गलबत बांधवून त्यास देण्यांत आलें. मोहीम फसली होती, बेट मिळालें नव्हतें. तरी मान झाला. अपयश मोहिमेचें होतें, शिडी लावणाऱ्याचें नव्हे, हा विवेक महाराजांपाशीं होता. आपल्या इतिहासलेखनांत तो नेहमींच आढळतो असें नाहीं. किल्ला घेणाऱ्यांचीं नांवें आपण पाठ करतों आणि वेळेवर न आलेल्या कुमकेची वाट पाहत तटाखालीं थांबलेल्यांस विसरतों.

जंजिरा पुढें संभाजीराजांसही मिळाला नाहीं. १९४८ मध्यें तें संस्थान भारतांत विलीन झालें, तें एकही शिडी न लावतां. परंतु ज्या खडकाची पहिली राखण कोळ्यांनीं केली, त्याच्याच तटाशीं पावणेदोनशें वर्षांनंतर एक कोळी शिडी धरून उभा राहिला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. त्यानें आपलें काम केलें होतें. उशीर इतरांस झाला.