मोलोकाई होए

मोलोकाई होए ही हवाई बेटांवर ऑक्टोबर महिन्यात होणारी, उलांडीच्या होड्यांची लांब पल्ल्याची शर्यत आहे. मोलोकाई बेटावरील हाले ओ लोनो बंदरातून निघालेले संघ काईवी सामुद्रधुनी ओलांडून ओआहू बेटावरील वैकीकी किनारा गाठतात. हे अंतर ६० किलोमीटरहून अधिक आहे. हवाईयन भाषेत 'होए' म्हणजे वल्हे.

होडी व संघ

उलांडी म्हणजे होडीचा तोल राखण्यासाठी तिच्या एका बाजूस आडव्या दांड्यांनी जोडलेला ओंडका. कोकणातील मच्छीमारांनाही ती परिचित आहे. हवाईत तिला 'आमा' म्हणतात व ती डावीकडे असते. लाटेने आमा वर उचलली गेली की होडी उजवीकडे पालथी होते. म्हणून पालथी होडी सरळ करून पाणी उपसणे हा सरावाचाच भाग असतो.

होडीत सहा जण बसतात. पहिला वल्ह्यांची लय ठरवतो, सहावा होडीला दिशा देतो. सामुद्रधुनीत वारा बहुधा मागून वाहतो. त्यामुळे लाटेवर स्वार होऊन वेग मिळवणे हे सुकाणूधाऱ्याचे खरे कसब असते. नुसत्या ताकदीवर ही शर्यत जिंकता येत नाही.

पुरुषांच्या संघात परंपरेने नऊ जण असतात. अदलाबदल भर समुद्रात आणि होडी न थांबवता होते. सोबतची मोटरबोट पुढे जाऊन ताज्या दमाच्या वल्हेकऱ्यांना होडीच्या वाटेवर पाण्यात उतरवते. होडी जवळ येताच थकलेले वल्हेकरी उजवीकडून पाण्यात उडी घेतात आणि नवे डावीकडून काठ धरून आत चढतात. ज्याची पकड सुटते त्याची जागा रिकामी राहते, व उरलेल्यांना त्याचाही भार ओढावा लागतो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली हवाईतील पारंपरिक खेळ मागे पडले होते. राजा कालाकाउआ याने होड्यांच्या शर्यतींना पुन्हा उत्तेजन दिले. मात्र सामुद्रधुनी ओलांडणारी शर्यत धोक्याची मानली जाई. टूट्स मिनव्हिएल यांच्या पाठपुराव्यामुळे ती १९५२ मध्ये प्रथम झाली. कोआ लाकडाच्या केवळ तीन होड्या उतरल्या आणि मोलोकाईच्या संघाने जवळपास नऊ तासांत ती जिंकली. आता अव्वल संघांना पाच तासही पुरतात. ताहितीच्या संघांनी येथे अनेकदा विजय मिळवला आहे.

महिलांना मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली. हे पाणी त्यांना झेपणार नाही, असा समज होता. १९७५ मध्ये महिलांच्या दोन संघांनी सामुद्रधुनी पार करून तो खोडून काढला. त्यानंतर १९७९ पासून 'ना वाहिने ओ के काई', म्हणजे 'समुद्राच्या स्त्रिया', ही त्यांची स्वतंत्र शर्यत याच सामुद्रधुनीत होऊ लागली.