उंदराच्या मेंदूपासून आपल्या पऱ्हाटीपर्यंत

2017 चा फवारणीचा हंगाम आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. पऱ्हाटीवर औषध मारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. मी महागावचा, काम सॉफ्टवेअरचं. आज अशा विषाचा परिणाम मोजणाऱ्या सेन्सरचा इतिहास सांगतो. त्याचा एक धागा मेंदूत आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. डोपामाइनसारखी काही रसायनं ठरावीक व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन सोडतात. म्हणजे करंट मिळतो, आणि करंट मोजता येतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांच्या गटाने 1973 मध्ये कार्बनचा बारीक इलेक्ट्रोड थेट उंदराच्या मेंदूत बसवून हे करून पाहिलं. पण मेंदूत व्हिटॅमिन सी भरपूर असतं आणि तेही जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल कमी, नॉइज जास्त. पुढची कित्येक वर्षं हा गुंता सोडवण्यात गेली.

ॲसिटिलकोलीन हे रसायन तर त्याहून अवघड. मेंदूतही ते निरोप नेतं, स्नायूंनाही हलवतं, पण इलेक्ट्रोडवर सहजी इलेक्ट्रॉन सोडत नाही. इथे लेलंड क्लार्क यांची 1962 मधली युक्ती कामी आली. इलेक्ट्रोडवर एन्झाइमचा थर द्यायचा. जे थेट मोजता येत नाही त्याच्यापासून ते मोजता येईल असं काहीतरी तयार करतं. घरातलं शुगर तपासायचं ग्लुकोमीटर याच युक्तीवर चालतं.

आता फवारणीकडे येऊ. निरोप पोचला की ॲसिटिलकोलीन मोडून टाकणारं एक एन्झाइम आपल्या शरीरात असतं, कोलिनएस्टरेज. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं नेमकं त्यालाच बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाही. लाळ गळते, डोळ्याची बाहुली बारीक होते, श्वास अडकतो. सेन्सरमध्ये हाच हिशेब उलटा लावतात: एन्झाइम जितकं बंद, तितका करंट कमी. असे सेन्सर प्रयोगशाळांनी बनवून दाखवले आहेत.

आणि मोजणीची गरज सरकारलाही जुनीच माहीत आहे. 1971 च्या कीटकनाशक नियमांत अशी औषधं बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचं कोलिनएस्टरेज दर महिन्याला तपासायला सांगितलं आहे, पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या फवारणी कामगारांचं डॉक्टर सांगतील तेव्हा. पाठीवर पंप घेऊन रोजंदारीने फवारणारा आपला माणूस मात्र या वेळापत्रकात बसत नाही. त्याचा ना कारखाना, ना हजेरीपट.

शुगरची पट्टी गावोगाव पोचली, कारण तिला गिऱ्हाईक होतं. ही पट्टीही तालुक्याच्या दवाखान्यात पोचायला हवी, आणि ते मागायचं काम आपलं आहे. तोवर एवढं करा: फवारताना कुणाला मळमळ, घाम, धूसर दिसणं सुरू झालं तर काम थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. कोणतं विष आहे हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.