स्वतंत्र बाण्याचा वऱ्हाडी लोकप्रतिनिधि

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण आपल्या देवळाचा व पूर्वजांचा इतिहास स्मरतों, हें योग्यच होय. तथापि ज्या प्रांतानें आपणांस पोसिलें, त्याच्या थोर पुरुषांस विसरून आपला इतिहास पुरा होत नाहीं. अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था व अकोल्याचें कृषि विद्यापीठ यांमुळें डॉ. पंजाबराव देशमुख हें नांव आपल्या मुलांच्या कानांवर नित्य पडतें. परंतु हे गृहस्थ मूळचे वकील होते, आणि कायदेमंडळांत गेल्यावरही त्यांनीं आपली बुद्धि कोणाकडे गहाण ठेविली नाहीं, हें थोड्यांच्याच स्मरणांत असेल.

त्यांचा जन्म 27 डिसेंबर 1898 रोजीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ या गांवीं शेतकरी कुळांत झाला. एडिंबरो येथें एम. ए. होऊन, ऑक्सफर्ड येथें वैदिक वाङ्मयांतील धर्माविषयीं प्रबंध लिहून व बॅरिस्टर होऊन ते 1926 मध्यें परतले आणि अमरावतीस वकिली करूं लागले. पुढल्याच वर्षीं त्यांनीं जातीबाहेर विवाह केला. त्याच सुमारास अंबादेवीच्या मंदिरांत अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून जी चळवळ झाली, तींतही ते अग्रभागीं होते. सन 1928 मध्यें जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होतांच त्यांनीं सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. ज्यांच्या मतांवर निवडून यावयाचें, त्यांचाच रोष ओढवून घेण्यास धैर्य लागतें.

सन 1930 मध्यें काँग्रेसनें कौन्सिलांवर बहिष्कार घातला असतां ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळांत शिरले व मंत्री झाले. त्यांची भूमिका निराळी होती. कापसाचे भाव कोसळून शेतकरी सावकाराच्या वहींत बुडाला होता. त्यास आजच आधार हवा होता. प्रांताच्या 1933 च्या कर्ज-लवाद कायद्यासाठीं त्यांनीं नेट लावला. सावकार व ऋणको यांस मंडळापुढें बोलावून, रक्कम तडजोडीनें ठरवून ती हप्त्यांनीं फेडावयाची, अशी त्या कायद्याची योजना होती.

पुढें घटनासमितींतही ते शेतकऱ्यांच्या वतीनें बोलत राहिले. येथें मात्र आम्हांस एक गोष्ट झांकून ठेवणें प्रशस्त वाटत नाहीं. ऑगस्ट 1949 मध्यें त्यांनीं नागरिकत्वाच्या कलमास एक उपसूचना आणिली. जो धर्मानें हिंदु अथवा शीख आहे व अन्य कोणत्याही देशाचा नागरिक नाहीं, तो कोठेंही राहत असला तरी त्यास भारताचें नागरिकत्व मिळावें, असा तिचा आशय होता. तींत आम्हां ख्रिस्ती जनांचें नांव नव्हतें. ज्यानें मंदिराचें दार सर्वांस उघडावें म्हणून झगडा केला, त्यानेंच देशाच्या दारीं धर्म विचारावा, याचें आम्हांस दुःख वाटतें. घटनासमितीनें ती उपसूचना फेटाळली, व नागरिकत्वाच्या कलमांत कोणत्याही धर्माचें नांव आलें नाहीं. ही गोष्ट आपणां सर्वांच्या हिताची झाली.

मग अशा पुरुषाचें मोल कसें करावें? आमच्या मतें, स्वतंत्र बुद्धीचा प्रतिनिधि कोणाच्याही खिशांत नसतो, तसा तो आपल्याही खिशांत नसतो. त्याचें बरें तें मोकळेपणानें वाखाणावें, चुकलें तें तितक्याच मोकळेपणानें सांगावें. सभेचें कामही हेंच. एकाची चूक तेथें अनेकांच्या विचारानें सुधारली जाते.

स्वातंत्र्योत्तर काळांत ते अमरावतीहून लोकसभेवर निवडून गेले व 1952 पासून 1962 पर्यंत केंद्रांत कृषिखात्याचे मंत्री राहिले. 10 एप्रिल 1965 रोजीं त्यांचें देहावसान झालें. 1969 मध्यें अकोल्यास स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठास त्यांचें नांव मिळालें. वाचकहो, मत देण्यास जातांना उमेदवार आपल्या जातीचा वा धर्माचा आहे काय, हें न पाहतां, तो आपल्या मतदारांच्या रोषासही न भितां खरें बोलेल काय, हें आपण आधीं पाहावें.