जन्मतःच चुकलेला आकडा

आकडा वाटेत बिघडला तर पकडता येतो. बेल लॅबमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली त्याची रीतच घालून दिली: आकड्याला जास्तीचे बिट जोडायचे आणि पोचल्यावर ताळा करून पाहायचा. पण आकडा जन्मालाच चुकीचा आला तर? ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजे एडीसी, समोरचं व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करतो. ३ व्होल्टच्या जागी त्याने १ व्होल्टचा आकडा दिला, तर त्यात खटकण्यासारखं काहीच नसतं. बिट पुरे, आकडा मर्यादेत, आणि ताळाही जुळतो, कारण ताळ्याचे बिट त्या चुकीच्या आकड्यावरूनच काढलेले असतात. चालू यंत्रात असा आकडा ओळखायचा कसा, या प्रश्नाचं कूळ टेलिफोनपर्यंत जातं.

१९३७ साली पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ॲलेक रीव्हज् या इंग्रज इंजिनिअरला आवाजाचे आकडे करून पाठवायची कल्पना सुचली. लांबच्या तारेवर प्रत्येक ॲम्प्लिफायर बोलण्याबरोबर खरखरही वाढवत जाई. आकडे मात्र वाटेत नव्याने लिहून पुढे धाडता येतात. युद्धानंतर बेल लॅबमध्ये आर. डब्ल्यू. सीअर्स यांनी त्यासाठी एक निर्वात नळी बनवली. इलेक्ट्रॉनांचा झोत व्होल्टेजप्रमाणे वर-खाली सरके आणि भोकं पाडलेल्या पट्टीवरून आडवा फिरे. भोकातून पलीकडे गेला तर १, अडला तर ०. असे ७ बिट, म्हणजे १२८ पायऱ्या.

अडचण दोन पायऱ्यांच्या सीमेवर होती. साध्या द्विमान पद्धतीत ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००; एवढ्याशा फरकासाठी चारही बिट पालटतात. झोत नेमका मध्ये पडला तर ११११, म्हणजे १५ सुद्धा निघू शकतो. बेल लॅबमधल्याच फ्रँक ग्रे यांनी १९४७ साली पेटंटसाठी अर्ज केला, तो आकडे लिहिण्याच्या नव्या क्रमाचा. त्यात लागोपाठच्या कोणत्याही दोन आकड्यांत एकच बिट वेगळा असतो, त्यामुळे सीमेवर गोंधळ झाला तरी चूक एका पायरीपलीकडे जात नाही. ग्रे यांनी चूक पकडली नाही, तिला लहान केलं. तरी पुढच्या सगळ्या तपासणीचं बीज मला इथेच दिसतं: व्होल्टेज शेजारी असतील तर आकडेही शेजारी राहायला हवेत.

वेग वाढला तशी जुनी अडचण नव्या रूपात परतली. १९७९ साली अमेरिकेच्या टीआरडब्ल्यू कंपनीने व्हिडिओसाठी ८ बिटांचा फ्लॅश एडीसी एकाच चिपवर आणला. या जातीत २५५ कम्पॅरेटर, म्हणजे व्होल्टेजची आपापल्या उंबरठ्याशी तुलना करणारी सर्किटं, एकाच क्षणी निकाल देतात. पण व्होल्टेज एखाद्याच्या उंबरठ्यावर आलं तर त्याचा निकाल वेळेत लागतच नाही. ते अर्धवट उत्तर एक गेट १ समजतं, दुसरं ०, आणि आकडा भलतीकडेच उडी मारतो. पडद्यावर त्याचे ठिपके चमकत. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या थॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नार यांनी डिजिटल सर्किटमधली अशी अनिर्णित अवस्था १९७३ मध्येच ऑसिलोस्कोपच्या छायाचित्रांनिशी दाखवली होती. तिचं प्रमाण घटवता येतं, ती नाहीशी करता येत नाही.

ही चूक शोधायला प्रयोगशाळेत संथ साइन लहर देतात, इतकी संथ की लागोपाठचे दोन आकडे फार तर एका पायरीने बदलावेत. त्याहून मोठी उडी दिसली की मोजायची. एक लाख कोटी, म्हणजे १०^१२, नमुन्यांत (मोजण्यांत) एक चूक होत असेल, तर सेकंदाला एक अब्ज नमुने घेणारा एडीसी ती सरासरी १७ मिनिटांनी करील. दहा लाख नमुने घेणारा साडेअकरा दिवसांनी. एवढा वेळ प्रत्येक चिप तपासणीच्या टेबलावर कोण ठेवणार? म्हणून पहारा चालू यंत्रातच बसवावा लागला.

तिथे येणारी लहर आपल्या हातात नसते. इंजिनचं तापमान एका मिलिसेकंदात ६० अंशांनी बदलत नाही, एवढं ज्ञान उडी पकडायला पुरतं. पण गोठलेला आकडा आणि ज्याच्या तुलनेत एडीसी मोजतो ते हळूहळू सरकणारं संदर्भ व्होल्टेज या परीक्षेत बिनबोभाट पास होतात. म्हणून खऱ्या मोजणीच्या मधूनमधून एडीसीला शून्य आणि वेगळ्या स्रोताचं ठाऊक व्होल्टेज मोजायला लावतात.

तुटलेली तार त्याहून फसवी. एकच एडीसी आळीपाळीने अनेक तारा मोजत असेल, तर त्याच्या कपॅसिटरवर आधीच्या तारेचा भार उरतो. पुढची तार तुटलेली असली तरी आधीच्या तारेसारखाच छान पटणारा आकडा निघतो. उपाय साधा आहे: मोजणीआधी कपॅसिटर मुद्दाम शून्यावर न्यायचा. तार शाबूत असेल तर ती त्याला पुन्हा भरते. तुटलेली असेल तर आकडा शून्याजवळच राहतो.

मला सर्वांत सुंदर वाटते ती २००५ साली जॉन मॅकनील, मायकेल कॉल्न आणि ब्रायन लॅरिव्ही यांनी मांडलेली रचना. त्यांनी एका एडीसीची जागा दोन अर्ध्यांत वाटली. दोघे एकच व्होल्टेज मोजतात. सरासरी हे उत्तर, आणि फरक ही त्यांच्या दोषांची खबर. मूळ हेतू काम न थांबवता दोष दुरुस्त करण्याचा होता. दोन्ही अर्धे उत्तरापर्यंत मुद्दाम वेगळ्या वाटांनी जातात, कारण एकत्र पढवलेल्या दोन साक्षीदारांची जबानी जुळली तरी तिला किंमत नसते.

मोटारीच्या ॲक्सिलरेटर पेडलमध्ये हीच काळजी दिसते. तिथे दोन सेन्सर असतात, आणि अनेक रचनांत एकाचं व्होल्टेज नेहमी दुसऱ्याच्या दुप्पट ठेवलेलं असतं. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर आकडे सारखे येतात, आणि आकडे सारखे आले की कंट्रोलर इंजिनची ताकद कमी करतो.