सिकलसेलचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे थॅलेसेमियाही नाही?

भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल हा आजार अनोळखी नाही. लग्नाआधी त्याची तपासणी करणारी जोडपीही आहेत. पण फक्त तेवढ्या रिपोर्टवर विसंबणं महागात पडू शकतं. कसं, ते समजून घेऊया.

बदल एकच, त्रास वेगळा

रक्तातलं हिमोग्लोबिन बनवण्यात 'बीटा ग्लोबिन' या जनुकाचा मोठा वाटा असतो. सिकलसेलमध्ये या जनुकातलं एकच अक्षर बदलतं आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. आफ्रिका असो की भंडारा, हा बदल तोच असतो. फरक असतो तो त्याच्या आजूबाजूच्या जनुकीय रचनेत. भारतात आणि आखाती देशांत 'अरब-इंडियन' रचना आढळते. तिच्यात बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून त्रास सौम्य मानला जातो. तरीही नागपूर परिसरातल्या अनेक रुग्णांना तीव्र त्रास होतो.

थॅलेसेमियाचे प्रकार अनेक

बीटा थॅलेसेमियात याच जनुकात बिघाड असतो, पण त्याचे २०० हून जास्त प्रकार आहेत. भारतात 'आयव्हीएस १-५' हा बदल सर्वाधिक सापडतो. सिंधी आणि लोहाणा समाजात ६१९ अक्षरांचा तुकडा गळालेला प्रकार जास्त दिसतो. महाराष्ट्रात 'कोडॉन १५' हा बदलही बऱ्यापैकी आढळतो.

मग धोका कुठे?

समजा, एक जोडीदार सिकलसेलचा वाहक आहे आणि दुसरा थॅलेसेमियाचा. दोघंही ठणठणीत. पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला 'सिकल-बीटा थॅलेसेमिया' होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिकलसेलसाठी आधी केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन ओळखते. थॅलेसेमियाचा वाहक तिच्यात निगेटिव्हच येतो.

काय करावं?

दोघांनीही 'एचपीएलसी' ही रक्तचाचणी करावी. त्यात सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया, दोन्हींचे वाहक सहसा कळतात. दोघंही वाहक निघाले, तर गरोदरपणाआधीच डीएनए तपासणी करून कोणता बदल आहे हे जाणून घ्यावं. ते माहीत असेल, तर साधारण १० ते १२ आठवड्यांत वारेच्या नमुन्यावरून बाळाची तपासणी सोपी होते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या मोहिमेत २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं लक्ष्य आहे. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. त्यामुळे लग्न मोडायचं कारण नाही, वेळेवर तपासणी मात्र दोघांची हवी.