पीठ घरचं, भट्टी दुसऱ्याची

गेल्या वर्षी दसरा उलटून गेला आणि दिवाळी दोन आठवड्यांवर आली, तेव्हा एका शुक्रवारी रात्री मी लॅपटॉप बॅगेत कोंबला आणि साताऱ्याची एसटी पकडली. इंजिनिअरिंगची चार वर्षं ज्याच्याबरोबर एका खोलीत काढली, त्या मित्राच्या घरची साताऱ्यात बेकरी आहे. "दिवाळीच्या आधी ये, भट्टीवर नुसती जत्रा असते," असं तो दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी माझं एखादं रिलीज आडवं यायचं. या वेळी गेलो.

शनिवारी दुपारी बेकरीच्या मागच्या दाराशी खरंच जत्रा होती. बायका घरून नानकटाईचं पीठ मळून, डब्यात भरून, वर ओलं फडकं टाकून घेऊन आल्या होत्या. तिथेच बसून गोळे वळायचे, ट्रेवर मांडायचे, नावाची चिठ्ठी लावायची. बेकरीवाला फक्त भाजून देणार, मजुरी किलोवर. पाव पहाटेच निघालेले असतात, कारण तेव्हा भट्टी सगळ्यात कडक तापलेली असते. मग विटा हळूहळू निवत जातात आणि नानकटाईला हवी असते ती हीच उतरती आच. घरच्या ओव्हनमध्ये आपण १७०-१८० अंशांवर काटा लावतो. इथे मित्राचे आजोबा, ज्यांना सगळा मोहल्ला दादा म्हणतो, भट्टीच्या तोंडाशी क्षणभर हात धरतात आणि म्हणतात, "आता लावा."

बघता बघता मला एक प्रश्न पडला. आपला बाकी सगळा फराळ घरच्या कढईत होतो. मराठी स्वयंपाकघरात चूल होती, तवा होता, पण बंद भट्टी कधीच नव्हती. मग दिवाळीच्या ताटात भट्टीतला हा एकच पदार्थ आला कुठून? आणि घरात भट्टी नसताना, पीठ मात्र घरूनच न्यायचं, हा हट्ट कशासाठी?

पुण्याला परतल्यावर रात्री जागून जे वाचलं, ते असं.

भट्टी आपल्याकडे समुद्रावरून आली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. 'पाव' हा शब्दच पोर्तुगीज 'पांव' वरून आलेला. यीस्ट मिळत नव्हतं, म्हणून पीठ फुगवायला ताडी-माडी वापरली गेली. म्हणजे सनातनी नजरेने पावात तीन दोष एकदम जमले: परधर्मीयांचा हात, ताडी, आणि पाण्यात मळलेलं पीठ. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलेलं गावच्या गाव बाटलं, ही गोष्ट वसईकडे आजही सांगतात. ती जशीच्या तशी घडली की नाही यापेक्षा, ती लोकांना पटत होती हे जास्त महत्त्वाचं. एक तुकडा माणसाला त्याच्या घरातून, पंगतीतून बाहेर काढू शकतो, अशी ती भीती होती.

ही भीती पोकळ नव्हती, हे पुण्याने १८९० मध्ये पाहिलं. ऑक्टोबर महिन्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी यजमानांचा मान राखायला कप नुसता हातात धरून ठेवला. त्यानंतर गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' मध्ये छापून आणली. चाळीसहून जास्त नावं होती. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी पार्टीचा स्क्रीनशॉट व्हायरल केला.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, बहिष्काराचं सावट आलं. बहिष्कार म्हणजे फक्त कोणी बोलत नाही एवढंच नसतं. घरच्या मुंजीला भटजी मिळत नाही, लग्नाला आचारी मिळत नाही, सासरी असलेल्या लेकीला माहेरी येता येत नाही. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांना स्वतःला प्रायश्चित्ताची गरज वाटत नव्हती, तरी १८९२ मध्ये त्यांनी ते घेतलं. ते सोबतच्या मित्रांसाठी घेतलं, त्यांच्या घरचे हाल थांबावेत म्हणून. सुधारकांनी त्यांच्यावर टीका केली, रमाबाईंनाही ते पटलं नव्हतं. मला वाचताना रानड्यांचा राग आला नाही. एका बिस्किटाने एवढी माणसं भरडली जातात, याचा आला.

पण बिस्कीट थांबलं नाही. लोकांना ते आवडत होतं. मग वाटा निघाल्या. १८९८ मध्ये दिल्लीत चक्क 'हिंदू बिस्कीट कंपनी' निघाली. बिस्किटाला फक्त वरच्या जातीचे हात लागतात, हीच तिची जाहिरात. तंत्र घ्यायचं, पण माणूस बदलायचा, ही एक वाट.

दुसरी वाट नानकटाईची. तिचं मूळ सुरतेत सांगतात. डच व्यापाऱ्यांच्या वखारीसाठी तिथे बेकरी चालायची. डच गेले, तेव्हा ती दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली आणि स्थानिक गिऱ्हाइकाला चालेल असा माल त्यांनी बनवायला घेतला, अशी ती कथा. तपशील कितीही इकडेतिकडे झाले, तरी नानकटाईची कृती स्वतःच बोलते. मैदा, थोडा रवा किंवा बेसन, पिठीसाखर, तूप, वेलची. अंडं नाही, ताडी नाही. आणि मुख्य म्हणजे पाणी नाही. तूप-साखर फेसून पांढरी करायची आणि त्यातच पीठ मळायचं.

हे 'पाणी नाही' मला आजीच्या तोंडून ऐकलेलं होतं, पण दशमीबद्दल. पाण्यात भिजवलेली भाकरी खरकटी, दुधात भिजवलेली दशमी प्रवासात चालते, हा तिचा नियम. नानकटाई त्याच नियमाच्या फटीतून घरात शिरली असावी, असा माझा तर्क आहे. पीठ घरचं, तूप घरचं, वळणारे हात घरचे. दुसऱ्याची फक्त आच. आगीला कुठे विटाळ असतो?

आता त्या शनिवारकडे परत येतो. माझी आजी २०११ पर्यंत साताऱ्यात, यादोगोपाळ पेठेत राहायची. मित्राने माझी ओळख करून दिली तसे दादा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे चारोळीवाल्या काकूंचा नातू का?"

आजी नानकटाईवर मधोमध एकच चारोळी लावते. मला वाटायचं हे फक्त आमच्या घरात माहीत आहे.

दादा सांगत होते. काकू बाकावर कडेला बसायच्या. डब्याला कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. ट्रे स्वतः भरायच्या आणि जमिनीवर ठेवायच्या, मग दादांनी उचलायचा. भाजून झाला की दादांनी जमिनीवर ठेवायचा, मग त्यांनी उचलायचा. हे सगळं ते हसत सांगत होते, तक्रारीचा सूर नव्हता. मित्र माझ्याकडे बघत नव्हता.

मी विचारलं, "दादा, कशी लागायची आजीची नानकटाई?"

"मला काय म्हाईत?" ते म्हणाले. "तीस वर्सं भाजली. दिली न्हाई कधी. आन् मागायची नसती, भट्टीवाल्यानं."

चार वर्षं हॉस्टेलवर त्यांच्या घरून आलेली खारी मी खाल्ली होती. एका पाकिटातून, त्याच्याबरोबर, रात्री-अपरात्री.

संध्याकाळी आजीला फोन लावला. ती आता आमच्याकडे पुण्यात असते. प्रमाण विचारलं. किलोभर मैद्याला पाऊण किलो साखर, पाऊण किलो तूप, आणि तूप हाताच्या तळव्याने फेसायचं, चमच्याने नाही. रविवारी सकाळी मित्राच्या अम्मीच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघांनी अर्ध्या किलोचं पीठ मळलं. तूप फेसून माझा खांदा भरून आला, तेव्हा मित्र म्हणाला, "उठ, मला दे." दुपारी दादांनी ट्रे माझ्या हातातून घेतला. पहिली नानकटाई त्यांनी खाल्ली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वेलची कमी पडली." आणि दुसरी उचलली.

डबा घेऊन पुण्याला आलो. आजीने एक नानकटाई उलटी करून तळ बघितला, तिची सवयच आहे ती.

"कुणी भाजली?"

"दादांनीच. आणि पीठ आम्ही दोघांनी मळलं, त्यांच्या घरी."

ती थांबली. मला वाटलं डबा बाजूला सारेल. तिने एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"त्यांनी खाल्ली का?" तिने विचारलं.

"हो. वेलची कमी आहे म्हणाले."

"आहेच कमी," आजी म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.