लता-रफी: अबोला आणि समेट

आज विषय गाण्यांचाच, पण भांडणाच्या बाजूने.

साठच्या दशकात लतादीदी आणि मोहम्मद रफी काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. कारण? रॉयल्टी. दीदी म्हणायच्या, रेकॉर्ड विकली जातेय तर गायकालाही त्यात वाटा हवा. रफीसाहेबांचं मत साधं होतं: ठरलेली फी घेतली, हिशेब मिटला. मी नोकरीत कोड लिहितो. पगार झाला की कोड कंपनीचा, त्यामुळे रफींचं म्हणणं मला लगेच समजतं. पण माझा कोड दोन-तीन वर्षांत फेकून देतात हो, गाणं साठ वर्षं वाजतं! म्हणून मी दीदींच्या बाजूने.

या अबोल्यात आपल्या सुमन कल्याणपूर यांना रफींबरोबर भरपूर द्वंद्वगीतं मिळाली. 'राजकुमार' (१९६४), 'जब जब फूल खिले' (१९६५) ऐका. आवाज इतका जवळचा की आजही कित्येक जण ही गाणी लतांची म्हणून शेअर करतात. शेअर करण्याआधी नाव बघा, प्लीज.

मग समेट झाला. १९६७च्या 'ज्वेल थीफ'मध्ये सचिनदेव बर्मन यांच्या चालीवर दोघं पुन्हा एकत्र गायले. पण समेट झाला कसा, यावर पुन्हा वाद! २०१२ साली दीदी म्हणाल्या, रफींनी लेखी माफी मागितली होती. रफींच्या मुलाने ते साफ नाकारलं. रफी १९८० मध्येच गेले होते, त्यांना विचारणार कोण?

त्याच २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गायकांना रॉयल्टीचा हक्क मिळाला.